एका बसगाडीचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे लिहिण्याची चाल आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. किल्ल्यांचे, घराण्यांचे, ग्रंथांचे इतिहासही लिहिले जातात. परंतु ज्या वाहनात बसून सामान्य मनुष्य रोज पोटाच्या उद्योगास गेला आणि दिवेलागणीस घरी परतला, त्या वाहनाचेही चरित्र असू शकेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. वाहन जुने झाले की ते मोडीत जाते, आणि मोडीत गेलेल्या वस्तूबद्दल शोक करण्याची रीत नाही. असे असता एखादी बसगाडी मोडीतून वाचली, माणसासारखे नाव पावली, आणि अखेर तोफांच्या व रणगाड्यांच्या पंक्तीला जाऊन बसली, तर ती का वाचली याचा विचार करण्यासारखा आहे.

लंडन येथील इंपीरिअल वॉर म्यूझियम या युद्धसंग्रहालयाच्या मालकीची ‘बी ४३’ या क्रमांकाची दुमजली मोटारबस ही अशीच एक गाडी होय. ती १९११ साली बांधली गेली. पहिल्या महायुद्धास तोंड लागले तेव्हा तिच्या जातीच्या अडीच हजारांहून अधिक गाड्या तयार झालेल्या होत्या; त्यांपैकी आज बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. ‘बी ४३’ ही त्यांत सर्वांत पहिली नव्हती, सर्वांत देखणी नव्हती, आणि तिचा पहिला गौरव झाला त्या वेळी दुर्मिळही नव्हती. ती वाचली याचे कारण निराळे आहे, व ते समजण्यासाठी तिची हकीकत मुळापासून सांगणे प्राप्त आहे.

दुमजली गाडी ही कोणा एका कल्पक कारागिराच्या डोक्यातून निघालेली नव्हे. ती गर्दीतून जन्मास आली. ४ जुलै १८२९ रोजी जॉर्ज शिलिबिअर याने लंडनमध्ये पॅडिंग्टनपासून बँकेपर्यंत ऑम्निबस सुरू केली. ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठी’ असा आहे, आणि आपण ज्याला ‘बस’ म्हणतो ते त्याच शब्दाचे उरलेले शेपूट होय. शिलिबिअरच्या गाडीला तीन घोडे होते, पण माडी नव्हती. पुढे आत जागा न मिळालेले उतारू टपावर चढू लागले. १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनासाठी शहरात जी गर्दी लोटली तिने ही सवय पक्की केली. मग गाडीवाल्यांनी टपाच्या मधोमध एक लांब बाक बसविले. त्यावर लोक पाठीला पाठ लावून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोंडे करून बसत. तेथवर चढावयाचे ते शिडीने. प्रारंभी टपावरचे भाडे आतल्यापेक्षा कमी असे, व ऊन, पाऊस आणि धुके ही त्या सवलतीची किंमत असे. १८८० नंतर समोर तोंड असलेली छोटी बाके आली आणि शिडीच्या जागी वळणाचा जिना आला, तेव्हा कोठे घोळदार पोषाख करणाऱ्या स्त्रियांना वर बसणे सुकर झाले. सारांश, जागेसाठी खोळंबलेल्या माणसांनी हा दुसरा मजला प्रथम बळकावला, आणि गाडी बांधणाऱ्यांनी तो मागाहून मान्य केला.

या गाड्या ओढणाऱ्या जनावरांचा हिशेब पाहिला म्हणजे मोटारबसची निकड ध्यानात येते. एक गाडी दिवसभर चालती ठेवावयाची तर दहा-अकरा घोडे लागत, कारण एका घोड्याला तीनचार तासांपेक्षा अधिक जुंपता येत नसे. आणि अशा कष्टात चारपाच वर्षे काढली की घोडा बसच्या कामातून बाद होई. चारा, तबेले, नालबंद, मोतद्दार हा सारा पसारा उतारूंच्या पेनीपेनीतून चालवावा लागे. १८५५ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली आणि पुढे पूर्णपणे इंग्रज बनलेली लंडन जनरल ऑम्निबस कंपनी ही या धंद्यातील सर्वांत मोठी पेढी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिने व तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी नाना कारखान्यांच्या मोटारबस आणून पाहिल्या. त्या वाटेत बंद पडत, धूर ओकत, आणि गोंगाट इतका करीत की रस्त्याकाठच्या रहिवाशांना घोडेच बरे वाटू लागले. लंडनच्या बसगाड्यांना परवाना देण्याचा अधिकार पोलिसांकडे होता. गाडी ठरावीक वजनापेक्षा जड असता कामा नये, तिचा वेग ताशी बारा मैलांच्या वर जाता कामा नये, तिचा खडखडाट फार होता कामा नये, असे त्यांचे कडक नियम होते. वरच्या मजल्याला छप्पर घालण्यासही त्यांची मनाई होती; तसे केल्याने गाडी कलंडेल अशी त्यांना धास्ती वाटे.

१९०८ साली तीन मोठ्या कंपन्या एक झाल्या आणि वॉल्थमस्टो येथील कारखाना ‘जनरल’च्या हाती आला. फ्रँक सर्ल हा कंपनीचा मुख्य यंत्रविशारद होता. त्याने दुसऱ्याच्या गाड्या विकत घेण्याचा नाद सोडून स्वतःची गाडी बांधण्याचे ठरविले. त्याची रीत मोठी व्यवहारी होती. कंपनीने जितक्या जातींच्या गाड्या वापरून पाहिल्या होत्या त्यांतील टिकाऊ भाग कोणते आणि ठिसूळ कोणते याची नोंद तिच्याजवळ होतीच. त्याने चांगले तेवढे उचलले आणि वाईट तेवढे टाकले. १९०९ मध्ये ‘एक्स’ नावाची जात निघाली, आणि ऑक्टोबर १९१० मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती ‘बी’ ही रस्त्यावर आली.

‘बी’ जातीची गाडी आज पाहणाराला फार साधी वाटेल. खालचा सांगाडा लाकडाचा, पोलादी पट्ट्यांनी जखडलेला. चार नळकांड्यांचे पेट्रोल इंजिन. लाकडी चाके, आणि त्यांवर हवेच्या नव्हेत तर भरीव रबराच्या धावा. आत सोळा उतारू, वर अठरा, मिळून चौतीस. आतल्या उतारूंच्या डोक्यावर छप्पर होते, पण वरच्यांच्या डोक्यावर आकाश. चालक पुढे उघड्यावर बसे. त्याच्यासमोर काचसुद्धा नसे. पावसाचे थेंब तोंडावर झेलीत, भरीव धावांचे धक्के मणक्यावर घेत त्याने दिवस काढावयाचा. वाहक मागच्या पायरीवर उभा असे आणि उघड्या जिन्याने दिवसातून शेकडो वेळा खालीवर करी. या गाडीचा खरा गुण तिच्या रूपात नव्हता; तो तिच्या सुट्या भागांत होता. प्रत्येक भाग ठरीव मापाचा असल्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बिनबोभाट बसे. बिघडलेला भाग काढावा, तयार असलेला घालावा, आणि गाडी पुन्हा कामाला लावावी, अशी व्यवस्था झाली. घोडा आजारी पडला तर त्याचा पाय बदलता येत नाही. ‘बी’ गाडीचे मात्र सर्वच बदलता येत होते. याचा परिणाम असा झाला की, पहिली ‘बी’ गाडी धावू लागल्यानंतर वर्ष-सव्वा वर्षातच, २५ ऑक्टोबर १९११ रोजी, ‘जनरल’ कंपनीची शेवटची घोडाबस बंद झाली. शतकाच्या तीनचतुर्थांशाहून अधिक काळ चाललेला व्यवहार इतक्या थोड्या अवधीत आटोपला!

‘बी ४३’ ही या पहिल्या भरतीतील एक. तिचे पहिले तीन वर्षांचे आयुष्य इतर भगिनींप्रमाणेच गेले. त्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडले नाही, हीच त्याची मोठी स्तुती होय. वाहनाचे काम बिनबोभाट चालले म्हणजे इतिहासाला त्याची वार्ताही लागत नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. फौजेला माणसे रेल्वेच्या टोकापासून रणभूमीपर्यंत त्वरेने पोचविण्याची गरज होती, आणि एकसारख्या बांधणीची, सुट्या भागांची पुरती तजवीज असलेली, शिवाय सराईत चालकांसह मिळणारी शेकडो वाहने इंग्लंडात एकाच ठिकाणी होती. ती सरकारने ताब्यात घेतली. पहिल्या गाड्या बेल्जममधील अँटवर्पच्या बचावासाठी गेल्या त्या लंडनचा रंग आणि दुकानदारांच्या जाहिराती अंगावर तशाच ठेवून. साबण आणि नाटके यांची वाखाणणी करणारे फलक तोफांच्या आवाजात फिरू लागले! युद्ध संपेपर्यंत ‘जनरल’च्या हजाराच्या आसपास गाड्या समुद्रापार गेल्या. ‘बी ४३’ त्यांपैकी एक होती. ती फ्रान्स व बेल्जम या दोन्ही देशांत वावरली.

तेथे गाड्यांचे रूप लवकरच पालटले. शिपायांच्या पाठीवरील पिशव्या व बंदुका यांनी खिडक्यांच्या काचा फुटू लागल्या, म्हणून काचा काढून फळ्या ठोकल्या. लाल रंगावर खाकी चढविला. चौतीस उतारूंच्या गाडीत शस्त्रे-सामानासह चोवीस-पंचवीस शिपाई बसवीत. काही गाड्यांच्या रुग्णवाहिका झाल्या, काहींचे फिरते कारखाने झाले, आणि काहींवर तर निरोप्या कबुतरांची खुराडी चढली. लंडनचे चालक गाड्यांसह लष्करात दाखल झाले. त्यांना आता थांबे नव्हते. वाट फरसबंदीची, अरुंद, दोन्ही कडांना चिखलाची. चाक फरशीवरून घसरले की गाडी आसापर्यंत रुतलीच म्हणून समजावे. त्यात प्रवास बहुधा रात्रीचा, आणि दिवे लावण्याची मनाई. उजाडता उजाडता मोकळी गाडी घेऊन परतावे, आणि काल नेलेल्यांपैकी जे उरले असतील त्यांना आणावयास पुन्हा जावे, असा त्यांचा क्रम होता.

ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस ईप्रच्या पहिल्या लढाईत लंडन स्कॉटिश ही हौशी नागरिकांची पलटण अशाच बसगाड्यांतून रणांगणाजवळ नेण्यात आली, आणि ३१ तारखेस मेसिनच्या टेकडीवर तिने जबर प्राणहानी सोसली. कालपरवापर्यंत याच जातीच्या गाडीने लंडनमधील कचेरीस जाणारे कारकून तीत होते.

या गाड्यांशी आपल्या देशाचाही संबंध आला. लाहोर डिव्हिजनच्या पलटणी २६ सप्टेंबर १९१४ पासून मार्सेय बंदरात उतरू लागल्या, आणि महिना उलटण्याच्या आत फिरोझपूर ब्रिगेडला ईप्रच्या आघाडीवर घाईने पाठविण्यात आले. तीतील ५७ वी वाइल्ड्स रायफल्स ही पलटण २२ ऑक्टोबर रोजी मोटारबसमधून वुल्व्हरगेम गावाकडे नेली गेली. ज्यांनी आयुष्यात बैलगाडी, उंट आणि आगगाडी एवढीच वाहने पाहिली असतील, त्या पंजाब व सरहद्दीकडील शिपायांनी दुमजली बसचा जिना प्रथम चढला तो फ्लँडर्सच्या थंडीत, अंगात उन्हाळी कपडे असताना. त्याच ब्रिगेडमधील १२९ व्या बलुची पलटणीचा शिपाई खुदादाद खान याने ३१ ऑक्टोबर रोजी होलेबेके येथे सारे साथीदार पडल्यावरही आपली मशिनगन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा तो पहिला हिंदी सैनिक होय. लंडनच्या बसगाडीची युद्धातील हकीकत सांगताना लंडनकर उतारूंची आठवण आपोआप निघते. हे दुसरे उतारू मात्र मुद्दाम आठवावे लागतात. ते का, याचे उत्तर या लेखाच्या ओघात पुढे येईल.

इकडे लंडनमध्ये गाड्या कमी पडल्या आणि पुरुषही कमी पडले. १९१६ पासून ‘जनरल’ कंपनीच्या बसवर स्त्रिया वाहक म्हणून दिसू लागल्या. युद्ध संपताच १९१९ मध्ये त्यांना घरी पाठविण्यात आले. रणांगणावरून परतलेल्या गाड्यांची दशा बहुतेक केविलवाणी होती. अनेक मोडीत गेल्या, अनेक तिकडेच राहिल्या. उतारूंची गर्दी तर इतकी की, १९१९ साली मालवाहू लॉऱ्यांवर बाके ठोकून त्यांतून लोकांची ने-आण करण्याची पाळी आली. अशा वेळी जी गाडी डागडुजी करून पुन्हा रस्त्यावर आणता येईल ती आणणे भागच होते. ‘बी ४३’ ही अशा रीतीने परत आली, दुरुस्त झाली आणि पुन्हा लंडनकरांच्या सेवेस लागली.

येथे तिचे दैव इतर गाड्यांहून निराळे झाले. फेब्रुवारी १९२० मध्ये तिला बकिंगहॅम राजवाड्याच्या आवारात नेण्यात आले. तिच्याबरोबर युद्धात बस चालविलेले लोक होते. राजा पंचम जॉर्ज याने तिची पाहणी केली आणि तो तीत चढला. बसमध्ये पाय ठेवण्याचा त्याचा तो पहिलाच प्रसंग होता असे सांगतात. कोट्यवधी प्रजाजन रोज ज्या पायरीवरून चढत-उतरत, ती पायरी चढण्यास राजाला महायुद्ध व्हावे लागले, यावर कोणी हसावे किंवा विचारमग्न व्हावे. गाडीला नाव मिळाले ‘ओल बिल’, म्हणजे आपल्या बोलीत ‘म्हातारबुवा बिल’. हे नाव ब्रूस बेअर्न्सफादर या चित्रकाराने खंदकातील शिपायाचे जे पात्र रंगविले होते त्याचे: गलमिश्या वाढलेला, कुरकुरणारा, पण जागा न सोडणारा एक वयस्क सोजिर. हा चित्रकार स्वतः लढाईत जखमी झालेला अधिकारी होता, व त्याचा जन्म हिंदुस्थानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी १८८७ साली झाला होता. त्याच्या बिलाचा छोटा पितळी मुखवटा गाडीच्या इंजिनापुढील पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बसविण्यात आला. हे नाव निवडण्यात मार्मिकपणा आहे. सेनापतीचे नव्हे, विजयाचे नव्हे, तर चिखलात बसून राहिलेल्या सामान्य शिपायाचे नाव गाडीला दिले गेले. कारण गाडीनेही तेच केले होते.

पुढील काही वर्षांत ‘बी’ जातीचा अस्त झाला. १९१९ मध्ये ‘के’ जात निघाली. तीत चालकाला इंजिनाच्या बाजूस बसविल्यामुळे उतारूंना जागा वाढली आणि ती सेहेचाळीसांवर गेली. १९२० मध्ये ‘एस’ आली, तीत चौपन्न जागा होत्या. १९२३ च्या ‘एन्एस’ जातीने गाडी जमिनीजवळ आणली, आणि पोलिसांची धास्ती ओसरल्यावर १९२५ पासून वरच्या मजल्याला छप्पर मिळू लागले. पुढे हवेच्या धावा आल्या. आता उघड्या टपाची, खडखडणारी ‘बी’ कोणाला हवी? जुन्या गाड्यांचे यंत्र मोडीत जाई, आणि वरचा लाकडी साटा कोणी शेतकरी कोंबड्यांसाठी किंवा कोणी समुद्रकाठचा बंगलेवाला बागेतील खोलीसाठी घेऊन जाई. अडीच हजार गाड्यांचा शेवट असा झाला. यात कोणाचा दोष नाही; कामाच्या वस्तूचा शेवट असाच व्हावयाचा.

‘ओल बिल’ मात्र राहिला. त्याला सरकारने राखले नाही, आणि पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी तर नाहीच. त्या काळी बसगाडी ही पुराणवस्तू होऊ शकते हे कोणी मान्यही केले नसते. युद्धात बसगाड्या चालविणाऱ्या लोकांच्या लष्करी तुकड्यांना ‘ऑक्झिलिअरी ऑम्निबस कंपनीज’ असे नाव होते. त्यांतील जुन्या लोकांनी आपला एक संघ केला होता. त्या संघाने ही गाडी आपली मानली. दरवर्षी ११ नोव्हेंबरच्या सुमारास युद्धसमाप्तीचा स्मृतिदिन येई, त्या वेळच्या मिरवणुकीत ‘ओल बिल’ जुन्या चालकांना घेऊन सामील होई. आणि त्यांच्यापैकी कोणी निवर्तला तर त्याच्या अंत्ययात्रेसही तो जाई. या क्रमात गाडीचे पोट भरण्याचे काम संपून तिला दुसरे काम मिळाले. पूर्वी ती उतारूंना कामावर नेई. आता ती सोबत्यांना निरोप देऊ लागली. माझ्या मते ‘बी ४३’ वाचली ती येथे. दुर्मिळ म्हणून तिला राखले नाही. राखली म्हणून ती दुर्मिळ झाली. काही माणसांना आपल्या मेलेल्या सोबत्यांबरोबर चालण्यासाठी एका साक्षीदाराची गरज होती, आणि हा साक्षीदार त्यांच्याबरोबर तेथे होता, एवढेच त्याचे पुण्य.

हिंदी शिपायांची आठवण मुद्दाम काढावी लागते याचे कारणही यातच सापडते. वस्तू आपण होऊन काही बोलत नाही. तिला बोलविणारा माणूस जवळ असावा लागतो. लंडनचे चालक लंडनमध्ये राहिले, गाडी त्यांच्या हाताशी राहिली, आणि त्यांनी तिला आपल्या आठवणी सांगावयास शिकविले. जो शिपाई एका रात्रीपुरता तिच्या भगिनींपैकी एकीत बसून वुल्व्हरगेमला उतरला, तो जगला तर झेलमच्या किंवा कोहाटच्या मुलखात परत गेला. त्याच्या गावी कोणतीही बस त्याची वाट पाहत उभी नव्हती. जतन केलेली प्रत्येक वस्तू जितके सांगते तितकेच लपविते. सबब संग्रहालयात तिच्यापुढे उभे राहणाऱ्याने, हिला कोणी राखले, एवढे विचारून थांबू नये. हिच्यात आणखी कोण बसले होते, हेही विचारावे.

१९१४ साली जो चालक वीस वर्षांचा होता तो १९७० साली शहात्तर वर्षांचा झालेला होता. त्या वर्षी संघाने ‘ओल बिल’ युद्धसंग्रहालयाच्या हवाली केला. मालकांनी आपल्या हयातीत घेतलेला हा निर्णय शहाणपणाचा होता. गाडी संग्रहालयात गेली म्हणजे ती सुरक्षित झाली. पण ती थांबलीही.

येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती टाळण्यासारखी नाही. ज्या गाडीचे प्रत्येक अंग बदलता येते, जिचा साटा एका वर्षी एका सांगाड्यावर तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्यावर चढू शकतो, जी लंडनच्या कारखान्यात आणि रणभूमीवरच्या तात्पुरत्या कारखान्यात कित्येक वेळा उकलून पुन्हा जुळविली गेली, ती १९११ सालचीच ‘बी ४३’ आहे असे कशावरून म्हणावे? हा प्रश्न नवा नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूने यवनराजा मिलिंद याला रथाचे उदाहरण देऊन हेच विचारले आहे: आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजाला शेवटी मान्य करावे लागले की, या सर्वांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ. बसगाडीचेही तेच आहे. तिचे लाकूड किंवा लोखंड म्हणजे ती नव्हे. तिची जुळणी, तिचे नाव आणि ती जुळणी कायम ठेवणारे हात, या तिन्हींनी मिळून ‘ओल बिल’ झाला आहे. म्हणूनच सुटे भाग बदलले म्हणून तो खोटा ठरत नाही. पण त्याला चालविणारे व दुरुस्त करणारे हात नाहीसे झाले, तर सारे मूळ भाग असूनही तो निम्मा नाहीसा होईल.

याची जाणीव पुढच्या पिढीला झालेली दिसते. महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१४ साली लंडनच्या वाहतूक-संग्रहालयाने ‘बी २७३७’ या क्रमांकाची दुसरी एक गाडी पुन्हा उभी केली. प्रथम तिला लंडनचा लाल रंग दिला, मग त्याच वर्षी खिडक्यांना फळ्या ठोकून खाकी रंग चढविला, आणि सप्टेंबरात तिला खरोखरच चालवीत फ्लँडर्सच्या रणभूमीवर नेले. शंभर वर्षांपूर्वीच्या चालकाचे मनगट आणि पाठ कशी दुखत असेल, हे त्या दिवशी कोणाला तरी पुन्हा ठाऊक झाले. एक गाडी न हालता साक्ष देते, दुसरी चालून साक्ष देते. पहिलीत जुने द्रव्य अधिक टिकते, दुसरीत जुनी विद्या अधिक टिकते. दोन्ही हव्यात.

एवढे दूरचे आख्यान मराठी वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन जवळचे आहे. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, आणि १९३७ साली दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सारा व्यवहार महापालिकेच्या हाती आला. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद झाली, तेव्हा तिचे उतारूही बसने घेतले. गिरणीकामगार, कारकून, विद्यार्थी, मासळीवाल्या यांच्या तीन पिढ्या या दुमजली गाडीच्या जिन्यावरून चढल्या. वरच्या मजल्यावरील पुढचे बाक मिळावे म्हणून लहान मुलांनी केलेल्या धडपडीची तर गणतीच नाही. दोन मजल्यांना दोन वाहक लागत, त्यामुळे खर्च वाढे. तरीही १९९० च्या सुमारास अशा सुमारे ९०० गाड्या शहरात होत्या. १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या आगरकर चौकापासून सीप्झपर्यंतच्या मार्गावर सामान्य उतारूंची शेवटची डिझेलवरील दुमजली बस धावली व तिचा ठरीव आयुष्यकाल संपला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीपासून विजेवर चालणाऱ्या, वातानुकूल दुमजली गाड्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे माडी राहिली, पण उघड्या खिडकीतून येणारा वारा गेला. उतारूंच्या संघटनांनी मागणी केली की, जुन्यांपैकी निदान दोन गाड्या आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात राखाव्यात.

ही मागणी रास्त आहे. पण ‘ओल बिला’च्या चरित्रावरून तिला एक पुरवणी जोडावीशी वाटते. गाडी राखावी, तशीच तिच्याबरोबर तिची माणसेही राखावीत. जिन्यावरून चालत्या गाडीत वर चढून तिकिटांचा हिशेब चुकू न देणारा वाहक, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून ते उंच धूड सावरून नेणारा चालक, रात्रपाळीला इंजिन उकलून पहाटेच्या फेरीला ते पुन्हा तयार ठेवणारा आगारातील कारागीर, यांपैकी पुष्कळ जण आज हयात आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून लिहून घ्याव्यात, आणि त्यांच्यापैकी कोणी संग्रहालयात आला तर गाडीचे दार त्याच्यासाठी उघडावे. लंडनच्या चालकांनी आपल्या गाडीसाठी जे केले त्याला ना मोठा निधी लागला, ना पांडित्य. त्यांनी ती आपली मानली आणि आपल्या मृतांच्या मागे ती चालत ठेवली. वस्तू टिकते ती लोखंडाच्या बळावर नव्हे. ती टिकावी असे वाटणारी चार माणसे वेळीच एकत्र आली, तर ती टिकते.